अंग उलण्याचे दिवस

दिवाळी सरली की वर्ध्याच्या हवेतलं पाणी आठ-पंधरा दिवसांत कुठे जातं, कोण जाणे. श्रावणात कपडे वाळत नाहीत म्हणून करवादणाऱ्या आम्ही बाया मार्गशीर्षात टॉवेल कडक झाले म्हणून करवादतो. पण हवा पालटल्याची पहिली खबर देतात त्या नडग्या. शाळेच्या आवारात सकाळच्या उन्हाला बसलेली पोरं आजही पायावर नखाने रेघ ओढतात. पांढरी रेघ उमटते. मग रेघेचं अक्षर होतं, अक्षराचं नाव होतं, आणि शेजारच्याच्या पायावर त्याला चिडवायचं नाव होतं. पुसायला थुंकी लावलेलं बोट पुरतं. आमच्या वर्गात या पायांवरून घरंही ओळखता यायची. ज्याच्या नडगीवर काहीच उमटत नसे, त्याच्या मागे सकाळी कोणीतरी तेलाची वाटी घेऊन धावलेलं असायचं. ज्याच्या पायावर अख्खी बाराखडी मावायची, त्याची आई उजाडायच्या आत कापूस वेचायला गेलेली असायची. हे कोणी कोणाला सांगत नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं.

आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात त्या उन्हाळ्यात, माणसांना पडतात त्या थंडीत. ओठ उलतात, गाल उलतात, आणि टाचा अशा उलतात की चादरीचं सूत त्यांत अडकतं. यावर घरोघरी काही ना काही असायचंच. आमच्याकडे आमसुलाचं तेल असे. आमसुलाचं झाड आमच्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं, ते कोकणातलं. पण त्याच्या बियांतून निघालेली चरबी, मुठीत दाबून केलेल्या मळकट पांढऱ्या गोळ्याच्या रूपाने, किराणा दुकानातल्या बरणीत हमखास मिळायची. नावाला तेल, पण हातात दगड. ते वितळतं चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा जरा वर. आजी गोळ्याचं टोक निरांजनाच्या ज्योतीवर धरायची, टोक ओलं झालं की टाचेच्या भेगेत भरायची, आणि ते तिथेच पुन्हा थिजून बसायचं. चर्र होई. "हलू नको" म्हणत ती पाय असा घट्ट धरायची की भेगेपेक्षा त्या पकडीचंच दुखणं जास्त लक्षात राहिलं.

काहींच्या घरी राळेचं मलम असे. भंडारा-गडचिरोलीकडून लग्न होऊन आलेल्या बाया टोरीच्या तेलाच्या आठवणी काढायच्या. मोहाच्या बियांचं ते तेल थंडीत तुपागत थिजतं, आणि त्यांच्या माहेरी तेच दिव्याला, तेच कढईत, तेच अंगाला. आणि मेण तर प्रत्येकीच्याच फणीकरंड्यात होतं. कोरडं कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आधी मेणाचं बोट लावायचं, त्याच्यावर कुंकू. मधमाशीचं मेण थोड्या खोबरेल तेलात पातळ करून एवढ्याशा डबीत ओतलेलं असे. टिकल्यांची पाकिटं आली आणि ती डबी अडगळीत गेली. पण आजीचं त्या डबीचं बोट कपाळावरच थांबत नसे. कुंकू लावून झालं की उरलेलं ती न बोलता ओठांवरून फिरवायची. विधवा झाल्यावर कुंकू गेलं, करंडा गेला. मेणाची डबी मात्र तिने देवघराच्या कोनाड्यात ठेवून घेतली. देवीच्या टाकाला कुंकू लावायला लागते, असं कारण होतं. तिचे ओठ काही शेवटपर्यंत उलले नाहीत.

मागे एका थंडीत पुण्याहून आलेल्या भाचीने पर्समधून टिनाची डबी काढली. आत पिवळसर, गोल, साबणाच्या चिपेएवढी वडी. तिने ती दोन्ही तळव्यांत क्षणभर धरली, मग कोपरांवरून, गुडघ्यांवरून फिरवली, आणि पुन्हा डबीत टाकली. बाटली नाही, ट्यूब नाही, सांडणं नाही. मी चष्मा लावून डबीच्या मागचं वाचलं. मधमाशीचं मेण, कोकोच्या बियांची चरबी, बदामाचं तेल. एवढंच. किंमतही वाचली, ती सांगत नाही. "आत्या, लोशन बार म्हणतात याला," भाची म्हणाली. मला आजीचा कोनाडाच आठवला. थोडा मत्सरही वाटला म्हणा ना. आपल्याच घरातलं काही कोणी झकपक डबीत घालून आपल्यालाच दाखवलं की वाटतो तसला.

तेव्हापासून थंडी पडली की माझ्या स्वयंपाकघरात एक जुना गंज अशा वड्या करण्यासाठी वेगळा निघतो.

मेण मिळवणं हा यातला सगळ्यात मोठा उद्योग. आमच्या भागात मधमाशी म्हटलं की पहिली आठवते ती आग्या. पाण्याच्या टाकीच्या पोटाखाली, उंच पिंपळाच्या आडव्या फांदीला, जुन्या सरकारी इमारतींच्या छज्जाला तिचं एकच एक भलंमोठं पोळं लोंबतं. सातेरी पेटीत नांदते, फुलोरी झुडपात मूठभर संसार मांडते. आग्या मात्र कोणाच्या दावणीला राहत नाही. हंगाम संपला की पोळं सोडून निघून जाते. तिचा मध काढायची जुनी रीत म्हणजे रात्री टेंभा पेटवायचा, माश्या जाळायच्या नाहीतर हुसकायच्या आणि अख्खं पोळं कापून खाली पाडायचं. मध, अंडी, अळ्या सगळं एकत्र पिळायचं. दत्तपूरला, वर्ध्याच्या वेशीवरच, ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली ते सुरू केलं. त्या केंद्राने मध काढणाऱ्यांना वेगळी रीत शिकवली: जाळीचा पोशाख घालून वर चढायचं, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच लोंबत ठेवायचा. माश्या परत येऊन तो भाग भरून काढतात. त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. ऐकायला सोपं वाटतं, पण पन्नास फुटांवर दोराला लटकून अर्धंच कापून थांबायला मनाची जी तयारी लागते ती काही पोशाखासोबत मिळत नाही.

मध गाळून झाला की उरतो तो चोथा. तो पाण्यात उकळायचा, फडक्यातून पिळून गाळायचा आणि भांडं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी पाण्यावर मेणाची पिवळी चकती धरलेली असते, तिच्या बुडाशी काळपट गाळ. तो खरवडायचा आणि पुन्हा उकळायचं. हे मेण मुळात कामकरी माशीच्या अंगातून येतं. पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात, त्यांतून अभ्रकासारखे बारके पापुद्रे झिरपतात. ते चावून मऊ करून ती घर बांधते. मध ती फुलातून आणते, मेण मात्र स्वतःतून काढते. खाल्लेल्या मधाचंच मेण होतं आणि त्यासाठी मेणाच्या वजनाच्या कितीतरी पट मध खर्ची पडतो. हे कळल्यापासून मी किसणीला चिकटलेलं मेणही गरम पाण्याने सोडवून घेते.

बाजारात पिवळं दिसणारं सगळं मेण माशीचं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. मेणबत्तीचं मेण, म्हणजे पेट्रोलियममधून निघालेलं पॅराफिन, त्यात सर्रास मिसळलेलं असतं. खरा तुकडा मोडला तर आतून मंद, रवाळ दिसतो, हातात मळला की मऊ होत जातो आणि नाकाशी नेला की मधाचा जुनाट वास देतो. पण अगदी खरं असलं तरी 'नैसर्गिक' हा शब्द मला जरा जपूनच वापरावासा वाटतो. आमचा जिल्हा कपाशीचा. कपाशीवर काय काय फवारलं जातं ते इथे लहान पोरालाही माहीत आहे. ती औषधं तेलात विरघळणारी असली की मेणात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. माशी काही शेताचा बांध पाहून फुलावर बसत नाही. म्हणून मेण शक्यतो जंगलाकडचं, बोरकडचं नाहीतर मेळघाटातलं, ओळखीतून मागवायचं. तरी खात्री कशाचीच नाही.

तेलाचं बरं आहे. तेलाबाबतीत वर्ध्याला मोठा वारसा आहे. १९३४च्या डिसेंबरात गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं बिऱ्हाड वर्ध्यातच पडलं. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि तिथलं घर दिलं. मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेची मगनवाडी झाली. तिथे काय काय चाललं होतं त्याची नुसती यादी वाचली तरी एखाद्या गावाचा बाजार डोळ्यापुढे येतो: हातकागद, ताडगूळ, साबण, मधमाशीपालन, हातसडीचे तांदूळ, घाणीचं तेल. झवेरभाई पटेल तिथे बैलघाणीच्या मागे लागले होते. जुन्या घाणीत तेल कमी निघे, बैल जास्त दमे. त्यांनी तिच्या रचनेत सुधारणा केल्या आणि त्या घाणीला पुढे वर्धा घाणी असंच नाव पडलं. आमच्या गावाचं नाव असलेलं यंत्र म्हणजे लाकडाचा उखळ आणि बैल, याचा मला उगाच अभिमान आहे.

या सगळ्याचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून आलेला, हिशेबतपासनीसाचा धंदा केलेला हा माणूस मगनवाडीत ढेप आणि कोंडा यांचे हिशेब मांडत बसला. तेल गावात गाळलं तर ढेप गावातल्याच जनावराच्या पोटात जाते, शेण गावातल्याच शेतात जातं. बी बाहेर गेलं की तेलासोबत हेही गेलं. पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' लिहिलं. त्यात ते माणसांच्या व्यवहारांना प्राण्यांचे दाखले देतात: दुसऱ्याला मारून खाणारा वाघ, आपलं घरटं आपण बांधणारा पक्षी, आणि पोळ्यासाठी राबणारी मधमाशी. तिच्याहीवर त्यांनी पिल्लाला भरवणारी मादी ठेवली आहे, जी बदल्यात काहीच मागत नाही. मेण किसताना हे हटकून आठवतं. मग वाटतं, मी या यादीत कुठे बसते? मेण माशीचं, तेल घाणीचं, वडी मात्र माझी!

मगनवाडीत आज मगन संग्रहालय आहे. १९३८च्या ३० डिसेंबरला गांधीजींनीच ते उघडलं. शेजारी ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे, जिला सगळं वर्धा 'एमगिरी' म्हणतं. तिथे बचत गटाच्या बायांना साबण, मलमं, उटणी करायला शिकवतात. म्हणजे माझा हा थंडीतला खटाटोप काही जगावेगळा नाही, या गावात तो जरा उशिरानेच माझ्या घरात शिरला एवढंच.

आता तेल कोणतं. घरात आमच्या फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, पण त्याचा वास फोडणीचा. अंगाला लावलं की भूक लागते. जवस आमच्या भागाचं खास पीक, चटणीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण जवसाचं तेल हवेत सुकतं, त्याची पातळ कातडी धरते. म्हणून ते लाकडाला चांगलं, रंगात चांगलं. माणसाच्या कातडीवर मात्र ते चिकट होतं आणि दोन महिन्यांत त्याला खवट वास मारतो. तीळ सगळ्यांत सोशीक. तिळाच्या तेलात अशी काही द्रव्यं असतात की ते लवकर खवट होत नाही. आपल्या वैद्यांनी अंगाला लावायच्या बहुतेक तेलांसाठी तीळच का धरला, याचं हे एक कारण असणार. त्यात मी कधी वाळ्याच्या मुळ्या मंद आचेवर मुरवते, कधी नागरमोथा. काहीही घालायचं ते खडखडीत वाळलेलं असलं पाहिजे. ओली तुळस घातली की तिच्यातलं पाणी तेलात उतरतं आणि पाण्यासोबत बुरशी येते. बाटलीतल्या लोशनला टिकवण्याची औषधं घालावी लागतात ती पाण्यापायीच. वडीत पाण्याचा थेंब नसतो, म्हणून ती नुसती झाकून ठेवली तरी वर्ष काढते.

प्रमाण म्हणाल तर मेण, थिजणारी चरबी आणि तेल वजनाने सारखी, हे सगळ्यांना माहीत असलेलं सोपं गणित. आयुर्वेदातलं सिक्थतैल म्हणजे एक भाग मेण आणि पाच-सहा भाग तिळाचं तेल. त्याचं मलम होतं, बोटाने घ्यावं लागतं. हातात धरता येईल अशी वडी हवी तर मेण वाढवायचं. चरबी म्हणून मी कोकोऐवजी आमसुलाचं तेल घेते. कोकोची चरबी चौतीस-पस्तीस अंशांनाच हात टेकते आणि तिला चॉकलेटचा वास असतो. घरात पोरं असली की वडीवर दातांच्या खुणा सापडतात. आमसूल बिनवासाचं, शिवाय कणखर.

मोठ्या गंजात पाणी तापत ठेवायचं, त्यात स्टीलचं भांडं आणि त्या भांड्यात किसलेलं मेण. थेट आचेवर मेण ठेवू नये, ते भडकू शकतं. बासष्ट ते पासष्ट अंशांना मेण सुटतं. सुटतं म्हणजे कसं, तर बराच वेळ काहीच होत नाही, ढवळणारीचा पाय अवघडतो, बाहेर भाजीवाला येऊन जातो, आणि मग कडेने एक पारदर्शक ओल सरकायला लागते. मेण पूर्ण पातळ झालं की आमसूल, शेवटी तेल. घट्टपणा पाहायला थंड चमच्यावर एक थेंब टाकायचा. थिजला की बोटाने चोळून पाहायचा. ओढ जाणवली तर तेल, ओघळला तर मेण. साचे म्हणून पेढ्याचे, मोदकाचे, काहीही चालतात. मी बहुधा जुन्या वाट्यांतच ओतते. थंडीत अर्ध्या तासात वड्या आपणहून वाटीच्या कडा सोडतात, तो आवाज ऐकायला मी कान लावून बसते असं घरचे म्हणतात.

वायगावची हळद घालायचा मोह प्रत्येक वर्षी होतो. समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव, तिथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रंग इतका गर्द की चिमूटभर पुरते. पण हळद तेलात विरघळून रंग देते, आणि तो रंग मग उशीच्या खोळीवर, पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीवर, दाराच्या कडीवर जाऊन बसतो. ज्यांना आपण घरात कुठे कुठे हात लावतो हे पाहायचं असेल त्यांनी अवश्य घालावी.

आणि उन्हाळा? वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो. तेव्हा ती वडी डबीत कोपरे सोडून बसते. तेव्हा तिची गरजही कोणाला नसते, घामच पुरतो.

ही वडी कातडीला देते काय, हा प्रश्न मला भाचीनेच विचारला होता. खरं तर फारसं काही देत नाही. कातडीचा वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींचा, त्यांच्यात मुरलेलं पाणी हवा ओढून घेत असते. तेल आणि मेण त्यावर पातळ पडदा धरतात, पाणी जायला उशीर करतात. म्हणून कोरड्या अंगावर वडी फिरवून उपयोग कमी. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायची. पाणी आधी तुमच्यात असलं पाहिजे, वडी ते राखते.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते दत्तपूरलाच, कुष्ठधामात. विनोबांच्या सांगण्यावरून मनोहर दिवाण १९३६ साली तिथे जाऊन राहिले आणि कुष्ठरुग्णांची सेवा सुरू झाली. त्या काळी रोगाला हमखास औषध नव्हतं. आज आहे, रोग बरा होतो. पण उशीर झाला असेल तर मेलेल्या नसा परत येत नाहीत. नस मेली की नुसती जाणीवच जात नाही, तिथला घामही थांबतो. पाय कायमचे मार्गशीर्षात राहतात. कातडी उलते, भेगेत माती जाते, जखम होते, आणि दुखत नसल्यामुळे माणूस त्याच पायावर चालत राहतो. त्यावरचा उपाय विचाराल तर इतका साधा की तो उपाय वाटतच नाही: पाय रोज वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, जाड झालेली कातडी दगडाने हलकेच घासायची आणि ओल्या पायालाच तेल लावायचं. रोज. आणि लावताना डोळ्यांनी पाहायचं, कारण बोट भेगेवरून गेलं तरी पायाला ते कळणार नाही आणि कित्येकदा बोटालाही नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी असं तेल लावताना पाहिलं. आपलाच पाय ते असा निरखत होते की तो कोणीतरी सांभाळायला दिला आहे आणि संध्याकाळी परत करायचा आहे.

सेवाग्राम तिथून किती लांब? काही मैल. तिथे परचुरे शास्त्री राहायला आले १९३९ साली. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती, कुष्ठरोगाने जर्जर झालेले. आश्रमात त्यांना ठेवून घ्यायचं की नाही यावर चर्चा झाली, गांधीजींनी त्यांच्यासाठी कुटी बांधवली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले. त्याचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुस्तकांत ते धैर्याचं चित्र म्हणून छापतात, करुणेचं म्हणून छापतात. मी मात्र त्यात हात बघते. गांधीजी स्वतः रोज मालिश घेणारे. एका खोलीत दोन धोतरांवर राहणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात तेलाला नेमलेली वेळ होती. ज्याच्या अंगाला रोज दुसऱ्याचा हात लागतो, त्यालाच तेल कुठे जिरतं, कुठे नुसतं वरून फिरतं हे कळत असणार. नुसत्या तत्त्वाने मालिश जमत नाही. साधेपणाबद्दल आमच्या गावाला पुष्कळ शिकवलं गेलं, पण सुख असं सरसकट हाकलून दिलेलं नव्हतं तिथून, निदान तेलाचं तरी.

माझ्या वड्यांचं पहिलं गिऱ्हाईक मात्र आश्रमातलं नव्हतं. देवळीच्या रस्त्याला आमचं थोडं शेत आहे, तिथे वेचणीला येणारी मावशी. कपाशीचं बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांना सुईसारखी टोकं येतात. मऊ म्हणून जगात ज्याचं नाव, तो कापूस या टोकांच्या मधोमध बसलेला असतो. दिवसभरात हजारो वेळा बोटं त्या टोकांमध्ये जाऊन येतात. नखांच्या मुळाशी कातडी सोलवटते, त्यात थंडीच्या चिरा. शेतात सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी सुरू होते तेव्हा हात बरे असतात. संक्रांतीपर्यंत तिळाचा लाडू हातावर ठेवायचा तर ओंजळ पाहवत नाही.

मी तिच्या हातात वडी ठेवली. तिने ती उलटीपालटी केली.

"बाई, हे साबन हाय का बर्फी?"

"दोन्ही नाही मावशी. तळहातात धरून ठेवा जरा, मग चोळा."

"धरून कायले ठेवू?"

"तुमच्या हाताच्या उबेने सुटते ती."

तिने मूठ मिटली आणि माझ्याकडे बघत राहिली, गंमत बघावी तशी. तिच्या तळव्याची कातडी इतकी जाड झालेली की ऊब बाहेर यायलाच वेळ लागला. मग तिने एका हाताने दुसऱ्यावर चोळलं, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना. वास घेतला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तक्रार घेऊन आली.

"तुमच्या त्या वडीनं तर घोटाळा केला. सकाळी लावून आली, त कापूस बोटाले चिकटून रायला. अन् मेट म्हनते, मावशे, कापूस मळवला तुनं."

मेट म्हणजे मजुरांना आणणारा मुकादम. वेचणी किलोवर असते. हात जड झाला की मजुरी हलकी होते. माझ्या वहीत मेणाचं प्रमाण होतं, तापमान होतं, वाळ्याचं वजन होतं, पण कापसाचा तंतू नव्हता. भाचीच्या डबीच्या मागेही तो असण्याचं कारण नाही. "मग रात्री लावा," मी म्हटलं. "भांडी घासून झाल्यावर, हात ओले असतानाच." ती "हाव" म्हणाली आणि ओटी बांधून तासात शिरली.

मग बरेच दिवस तो विषय निघाला नाही. माझ्या मनात उगाच वेगवेगळे विचार. भांडी रात्री किती वाजता होत असतील? त्यानंतर हाताला हात चोळत बसायला दिव्याखाली जागा असेल का, की नातीच्या पायांना लावून संपवली असेल? तिचे हात बघावेत म्हटलं तर दुसऱ्याच्या हातांकडे असं टक लावून बघताही येत नाही. पुढे एकदा बांधावर भाकर खाताना तीच म्हणाली,

"ते वडी सरली, बाई."

"कशी वाटली?"

"चांगली हाय. म्हाताऱ्याच्या टाचेले लावली, मी लावली. पन मी म्हनत होती…" ती थांबली, भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्या बैलाचा खांदा सोलला जुवानं. त्याले चालते का हे?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात, ते वर्षातून एकदा. जू रोज असतं. मेण आहे, तीळ आहे, आमसूल आहे. जखम उघडी नसेल तर न चालण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी म्हटलं, चालेल बहुतेक, पण उघड्या जखमेवर नको, तिथे डॉक्टरलाच दाखवा.

"जखम नाई, नुसतं कातडं उलून रायलं," ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी हवेत चांगल्या ढेपेएवढा आकार दाखवला. "पन थोडी मोठी करजा. तेवढुशी त त्याच्या एका शिंगालेच लागून जाईन."